परतीचं अ‍ॅव्हरेज

आकडा सतराच्या खाली घसरला त्या दिवसापासून थेंबमास्तरांना चैन पडेना. जेवता जेवता मधेच उठून ते बाल्कनीत जायचे आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे पाहून यायचे. गाडी जागच्या जागी असायची. परत येऊन ताटावर बसायचे, दोन घास गिळायचे, की पुन्हा उठायचे. बायको म्हणाली, अहो, ती काही पळून जात नाही, आणि गेलीच तर तुम्हाला विचारल्याशिवाय तेल जाळायची तिची टाप नाही. एरवी मास्तर हसले असते. त्या दिवशी त्यांनी तिलाच झापलं, की लिटरमागे पाच किलोमीटर कमी होणं ही चेष्टेवारी न्यायची गोष्ट नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. पार्सल वाहणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या डेपोत त्यांचा जन्म गेला. काम एकच: नव्या ड्रायव्हरला कमी तेलात गाडी चालवायला शिकवायची. एकेका थेंबासाठी ते इतका जीव टाकायचे, की पोरांनी त्यांचं नाव थेंबमास्तर ठेवलं, आणि मास्तरांनीही ते रागावून का होईना पदरात घेतलं. त्यांचा पाठ ठरलेला असायचा. चाकांत हवा पुरेशी ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं इतक्या हलक्या पायानं दाबा. वरचा गिअर लवकर टाका. उतारावर न्यूट्रल करून शहाणपणा करू नका, गिअर तसाच ठेवून नुसता पाय उचला, इंजिन तेल पिणं आपसूक थांबवतं. पण हे सगळं झालं दुय्यम. खरी मेख पुढे असायची. समोरच्या गाडीकडे पाहू नका, तिच्या पुढच्या गाडीकडे पाहा, आणि तिच्याही पलीकडे, नजर पोचेल तिथल्या शेवटच्या सिग्नलकडे पाहा. तो लाल दिसला की इथूनच पाय काढा. गाडी आपल्या वेगात फुकट जाते, तिला जाऊ द्या. तुम्ही पोचेपर्यंत हिरवा होतो. ब्रेक मारावा लागला याचा अर्थ तुम्ही वेळेवर पाहिलं नाही, आणि त्याचा दंड म्हणून विकतचं तेल रस्त्यावर ओतलंत. मग मास्तर दर वेळचा विनोद करायचे, की तेल टाकीत कमी घाला आणि डोळ्यांत जास्त. नवी पोरं हसायची. जुनी पोरं मास्तर आधी हसतील म्हणून थांबायची.

तर अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज बावीसवरून सतरावर आलं, मग सतराच्या खाली. निवृत्तीनंतर मास्तरांकडे मिरवायला तोच एक आकडा उरला होता. स्टिअरिंगमागच्या पट्टीवर तो लुकलुकत असायचा. गळ्यातल्या दोरीचा वाचायचा चष्मा नाकावर चढवून मास्तर तो पाहायचे, चष्मा खाली सोडायचे आणि अस्वस्थ होऊन सीटवर हातांनी ताल धरायचे.

आधी त्यांनी हवा तपासली. मग प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. चाकं हातानं फिरवून पाहिली, ब्रेक चिकटत तर नाहीत ना म्हणून. डिकीतली जुनी छत्री, सतरंजी, पाण्याचा कॅन असं सगळं उपसून काढलं. एसी बंद केला, आणि शंभर मीटरवर घामाघूम झालेल्या बायकोनं पर्स मांडीवर घेतली तेव्हा त्या पर्सकडे असं पाहिलं, की ती म्हणाली, आता मीच उतरते, तेवढंच वजन हलकं होईल. पेट्रोल पंप बदलला. पहिल्या पंपावरच्या माणसाला भेसळ करतोस का असं तोंडावर विचारून त्यांनी तिथला चांगला वीस वर्षांचा राबता एका मिनिटात मोडून टाकला. घरी येऊन बायकोवर डाफरले. तिनं उलट ऐकवलं, की माझ्यावर कशाला, त्या समोरच्या इमारतीतल्या वहिनींवर डाफरा. त्या काल गच्चीवरून हात करून करून थकल्या, तुम्ही ढुंकून पाहिलं नाहीत, आता सगळीकडे सांगत फिरतायत की मास्तरांना हल्ली गर्व झालाय. मास्तर म्हणाले, माझ्या डोक्यात काय चाललंय आणि त्या बाईंना हात कसले सुचतायत.

या गाडीला रोज एकच काम होतं, आणि त्या कामापायी मास्तर जगत होते म्हटलं तरी चालेल. लेक-जावई मास्तरांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. जावई कामानिमित्त महिन्यातले बरेच दिवस परगावी. लेक रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, तिला उजाडताच निघावं लागायचं. त्यामुळे नातीला शाळेत सोडायचं काम आजोबांकडे, दुपारी तिला घेऊन यायची ती लेक. नात पहिलीत होती. तिला भुंगा म्हणायचे, कारण ती सतत काहीतरी गुणगुणायची आणि बोलायला कोणी नसलं तर सीटला लाथा मारत गुणगुणायची. त्या लाथा थांबाव्यात म्हणून मास्तरांनीच वर्षभरापूर्वी एक खेळ काढला होता. मागच्या सीटवरून भुंग्यानं लांबचा सिग्नल आधी ओळखायचा आणि रंग ओरडून सांगायचा. "आजोबा, लाल!" की मास्तर पाय उचलायचे आणि म्हणायचे, शाबास. "आजोबा, आता हिरवा!" पुन्हा शाबास. पोरीच्या लाथा बंद झाल्या आणि मास्तरांना वाटलं, आणखी एक ड्रायव्हर तयार होतोय.

आता गंमत अशी, की आकड्याच्या मागे हात धुऊन लागल्यावर मास्तरांना एक विचित्र गोष्ट दिसली. घरून शाळेपर्यंत जाताना अ‍ॅव्हरेज चांगलं यायचं, जवळजवळ पूर्वीसारखं. शाळेकडून घरी परत येताना ते पार ढासळायचं. तीच गाडी, तोच लांबच लांब सरळ रस्ता, तेच सिग्नल. मास्तरांनी डोक्याचा भुगा करून घेतला. परतीच्या वाटेवर चढ असेल म्हणावं, तर रस्ता तळहातासारखा सपाट. वारा समोरून येत असेल म्हणून त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून वाऱ्याची दिशा पाहिली आणि मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या. शाळेजवळच्या गर्दीचा दोष असेल म्हणून पोरीला सोडल्यावर अर्धा तास नुसते थांबून मग निघाले. आकडा काही वर येईना. इंजिन तापल्यावर काहीतरी बिनसतंय, आत कुठेतरी बारीक रोग आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. रात्री कूस बदलत ते इंजिनाचा एकेक भाग मनातल्या मनात उघडून पाहायचे.

त्यातच एक दिवस परतीच्या वाटेवर त्यांना करकचून ब्रेक मारावा लागला. दवाखान्याजवळच्या सिग्नलला समोर माणसं रस्ता ओलांडतायत हे अगदी जवळ गेल्यावर कळलं. एका बाईनं बॉनेटवर हात आपटला आणि विचारलं, झोपलात का.  दोष मास्तरांनी झाडाला दिला. तिथलं झाड वाढून सिग्नलच्या दिव्यावर आलंय, महापालिका काय झोपा काढते का, वगैरे. घरी आल्यावर बायकोला त्यांनी झाडाबद्दल बरंच काही सांगितलं, ब्रेकबद्दल अवाक्षर काढलं नाही.

शेवटी गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेला, मास्तरांना मान देणारा. त्यानं गाडी दोन दिवस ठेवून घेतली, मशीन लावून सगळं तपासलं आणि सांगितलं की इंजिन ठणठणीत आहे. मास्तर म्हणाले, उघड. तो म्हणाला, उघडण्यासारखं काही नाही. मास्तर म्हणाले, मी तीस वर्षं गाड्या पाहतोय, रोग आत आहे. गॅरेजवाल्यानं हात पुसत पुसत बराच वेळ काढला आणि मग खाली मान घालून बोलला.

"मास्तर, रागावू नका. एकदा दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या. तुम्ही बाजूला बसा. त्यांच्या हातातही असाच आकडा आला, तर मी इंजिन उघडतो."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे खोट माझ्या चालवण्यात आहे असं म्हणायचंय का, असं त्यांनी विचारलं. गॅरेजवाला, मी तसं कुठे म्हटलं, असं पुटपुटत दुसऱ्या गाडीखाली शिरला. मास्तर तरातरा बाहेर पडले. पण घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात एक डाव शिजला, आणि तो काही फार चांगला नव्हता. गाडी चालवायला द्यायची ती लेकीला.

लेकीला गाडी त्यांनीच शिकवली होती. शिकवताना दुसऱ्यांच्या पोरांना जेवढं बोलले नसतील तेवढं हिला बोलले. पाय जड, पाय जड, म्हणून तिला पार भंडावून सोडलं. एकदा तर पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत ते म्हणाले होते, "माझी पोरगी सगळ्यांत हुशार, पण पाय मात्र हत्तीचा." सगळे हसले. लेक हसली नाही. त्यानंतर मास्तर शेजारी असताना तिनं कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. लॅबची गाडी ती चालवायची, पण ते मास्तरांच्या नजरेआड. स्वभावानंच चुळबुळी बाई, एका जागी दहा मिनिटं बसायची नाही, सिग्नलला उभी असली तर बोटांनी टकटक करत राहायची. मास्तरांनी हिशोब असा केला, की हिच्या हातात आकडा बाराला जाऊन आपटेल, मग गॅरेजवाल्याला इंजिन उघडावंच लागेल. आपल्याच लेकीच्या नापास होण्यावर आपण डाव लावतोय हे त्यांना कळत होतं. थोडी लाजही वाटली. पण त्या आकड्यानं त्यांना पुरतं पछाडलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी लेकीला सांगितलं, जरा शाळेपर्यंत जाऊन येऊ, गाडी तू घे. तिला आधी खरंच वाटेना. मग तिचा चेहरा असा काही उजळला, की मास्तरांना तिच्याकडे पाहवेना. भुंगा मीपण येणार म्हणून पाय आपटत होती. तिला आजीनं धरून ठेवलं.

शाळेपर्यंत मास्तरच चालवत गेले. तिथे गेटासमोर त्यांनी आकडा पुसून शून्यावर आणला आणि दोघांनी जागा बदलल्या. लेकीनं चपला काढून मागे ठेवल्या. का गं, विचारल्यावर म्हणाली, अनवाणी पायाला अ‍ॅक्सिलरेटर नीट कळतो. हे तिला मास्तरांनी शिकवलेलं नव्हतं.

गाडी निघाली. मास्तर दाराच्या दांडीला धरून, पुढे झुकून बसले होते. पहिल्या मिनिटातच त्यांच्या लक्षात आलं की धक्का बसत नाहीये. गिअर कधी बदलला ते कळत नाहीये. हत्तीचा पाय कुठे गेला कोण जाणे. तिची बोटं स्टिअरिंगवर टकटक करत होती, पण पाय मात्र शांत होता. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. पेट्रोल पंप मागे पडला तेवढ्यात तिनं पाय उचलला आणि गाडी नुसती वाहत जाऊ लागली.

मास्तर म्हणाले, रस्ता मोकळा आहे, पाय कशाला काढलास?

"पुढे लाल आहे ना, बाबा."

मास्तरांनी पुढे पाहिलं. पुढे रस्ता होता, रस्त्याच्या टोकाला झाडांचा हिरवट ढीग होता आणि त्यावर पांढुरकं आकाश. लाल काही नव्हतं. त्यांना वाटलं, पोरगी थापा मारतेय. गाडी हळूहळू जवळ जात राहिली, आणि त्या ढिगातून आधी एक खांब वर आला, मग खांबावर काहीतरी फिकट दिसलं, आणि अगदी गाठायला आल्यावर कळलं की तो दिवा आहे आणि तो आत्ताच हिरवा झालाय. लेकीनं ब्रेकला हातही लावला नाही, म्हणजे पायही लावला नाही. अलगद वेग वाढवून ती पुढे निघाली.

 पुढच्या सिग्नलला मास्तरांनी ठरवून आधी पाहायचं म्हणून डोळे ताणले. डोळ्यांत पाणी आलं तरी ताणले. तिनं पाय उचलला तेव्हा त्यांना अजून खांबसुद्धा दिसला नव्हता. त्यापुढच्याला तिनं पाय उचलला नाही, उलट किंचित दाबला, म्हणजे हिरवा असणार असं ते मनाशी म्हणाले. जवळ गेल्यावर होताही हिरवा. दिवा त्यांना तिच्या पायातून कळत होता. दवाखान्याजवळच्या सिग्नलपाशी त्यांनी ते झाड शोधलं. झाड चांगलं चार हात बाजूला होतं. दिव्यावर त्याची एक फांदीही नव्हती.

 डेपोत असताना लांबून येणाऱ्या गाडीचा नंबर वाचून दाखवायची पैज ते लावायचे. माझा चष्मा काय तो जवळचा, लांबचं मला घारीसारखं दिसतं, असं ते अजूनही सांगायचे, आणि त्यात आपण खोटं बोलतोय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. दृष्टी एका दिवसात जाती तर कळलं असतं. ही रोज थोडी थोडी मागे सरकली होती, आणि रोजचा रस्ता पाठ असल्यामुळे त्यांना काही कमी झाल्यासारखं वाटलंच नाही. आणि मग, विचार नको नको म्हणत असताना, दुसरी गोष्ट समोर येऊन उभी राहिली. जाताना अ‍ॅव्हरेज चांगलं का यायचं आणि परतताना का ढासळायचं ते. जाताना मागच्या सीटवर भुंगा असायची. "आजोबा, लाल!" ती ओरडली की ते पाय उचलायचे. वर्षभर गाडी त्या पोरीच्या डोळ्यांवर चालली होती. ती गुणगुणण्यात रमली असती, पेंगली असती, खिडकीबाहेरच्या कुत्र्याकडे पाहत बसली असती, तर काय झालं असतं याचा विचार करताना मास्तरांनी दाराची दांडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

"बाबा, आकडा बघा की."

त्यांनी चष्मा चढवला. तेवीस होता. त्यांच्या उमेदीच्या काळातही या रस्त्यावर तेवीस त्यांनी क्वचितच पाहिला असेल. लेक सांगत होती, तिला हे सांगायचंच होतं, की लॅबच्या गाडीवर ती कित्येक महिने हेच करतेय. पुढच्या गाडीच्या पुढे पाहायचं, पाय आधी काढायचा, ब्रेक म्हणजे दंड. सगळं तुमचंच, म्हणाली. तुम्ही पोरांना शिकवायचात ते मी लहानपणी डेपोतल्या बाकावर बसून ऐकायचे, पण तुम्ही शेजारी असलात की पाय नुसता गारठून जायचा. ती भडाभडा बोलत होती. मग एकदम थांबली.

"काहीतरी बोला ना. चुकलं का काही?"

मास्तरांच्या मनात एक क्षण आलं, की आपण गप्प राहू शकतो. शाबास म्हणावं, इंजिन बरं आहे म्हणावं, उद्या सकाळी भुंग्याला मागे बसवावं आणि खेळ चालू ठेवावा. कुणालाही कळणार नाही. जाताना आकडा चांगलाच येईल. त्या एका क्षणाची त्यांना नंतर आयुष्यभर शरम वाटत राहिली.

"गाडी कडेला घे," ते म्हणाले.

तिनं घेतली. इंजिन बंद केलं, कारण उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवायचं हीही त्यांचीच शिकवण. मास्तरांनी गळ्यातला चष्मा हातात घेतला आणि त्याची दोरी बोटांभोवती गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत बसले.

"सुरेख चालवलीस. माझ्यापेक्षा चांगली. हे मी आधीच म्हणायला हवं होतं, त्या दिवशी चारचौघांत तसं बोलायला नको होतं. आता दुसरं ऐक. मला तो दिवा दिसला नाही."

"कुठला?"

"एकही नाही."

तिला आधी अर्थ कळला नाही. ती हसायच्या बेतात होती. मग तिची बोटं स्टिअरिंगवर टकटक करायची थांबली. तिनं मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि तिच्या तोंडाचा रंग उडाला.

"आणि रोज तिला घेऊन..."

"हो," मास्तर म्हणाले.

ती दार उघडून खाली उतरली. गाडीला एक चक्कर मारली, मग दुसरी. ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिनं परत आत येऊन दार लावलं तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. ती म्हणाली, मला तुमचा इतका राग आलाय की आत्ता मी काही बोलत नाही. मास्तर म्हणाले, नको बोलूस. मग तिनं उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेते असं सांगितलं. मोतीबिंदू असेल तर निघेल, दुसरं काही असेल तर तेव्हा पाहू. मास्तरांनी मान हलवली. निघेल किंवा नाही निघणार, किल्ली आता आपण मागायची नाही एवढं त्यांचं ठरलं होतं. घरी पोचल्यावर त्यांनी दुसरी किल्लीही कपाटातून काढून आणून दिली. बायकोनं विचारलं, काय हो, सापडला का रोग? मास्तर म्हणाले, सापडला, आणि आत जाऊन पलंगावर पडून राहिले. तिनं नंतर लेकीकडून सगळं ऐकलं आणि त्या दिवशी त्यांची एकही चेष्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीनं लॅबमधून सकाळची वेळ बदलून घेतली. भुंग्याला शाळेत आई सोडणार हे ऐकून तिनं घर डोक्यावर घेतलं. आजोबा नाहीत तर शाळा नाही. आधीच उशीर झालेला, लेकीचा जीव वरखाली होत होता. शेवटी मास्तरांनाही सोबत घेतलं. ते शेजारच्या सीटवर बसले आणि हात कुठे ठेवायचे ते त्यांना सुचेना. मांडीवर ठेवले, छातीवर बांधले, पुन्हा मांडीवर आणले.

गाडी सरळ रस्त्याला लागली. भुंगा गुणगुणत होती. लेकीनं पाय उचलला, आणि त्याच वेळी मागून आवाज आला.

"आजोबा, लाल!"

 लेक कसाबसा साधा आवाज काढून म्हणाली, दिसला गं मला.

"तुला नाही सांगत. आजोबांना सांगतेय. त्यांना लांबचं दिसत नाही."

मास्तर मागे वळले. हे तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. भुंगा म्हणाली, कुणी कशाला सांगायला पाहिजे, मी ओरडल्याशिवाय तुम्ही पाय काढतच नाही. म्हणून तर मी गाडीत कधी झोपत नाही. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट जरा तोराच होता. मग तिला काहीतरी सुचलं आणि ती पट्टा ताणून पुढे झुकली.

"पण आजोबा, मला शाळेत सोडल्यावर तुम्ही परत जायचात ना. तेव्हा तुम्हाला कोण सांगायचं?"

लेकीची नजर समोरच्या रस्त्यावर होती, पण गाल ओले झाले होते आणि ते पुसायला ती स्टिअरिंगवरून हात काढत नव्हती. मास्तरांनी सीटच्या फटीतून हात मागे नेला. भुंग्यानं त्यांची दोन बोटं धरली.

"कुणीच नाही गं," ते म्हणाले. "म्हणून तर पेट्रोल जास्त लागायचं."

भुंग्याला ते पटलं. तिनं मान डोलावली, बोटं सोडली नाहीत, आणि पुढच्या सिग्नलसाठी डोळे लावून बसली.